बोलकं अस्वल घ्यायचं का? एकदा वायफाय बंद करून बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरच्या टिळकनगरमध्ये राहणाऱ्या एका आईची मुलगी सव्वापाच वर्षांची आहे. दीर डिसेंबरात अमेरिकेहून येणार आहेत आणि पुतणीसाठी वायफायवर चालणारं, गप्पा मारणारं एक अस्वल आणू म्हणतात. यजमानांचं म्हणणं, 'फोन तर सगळंच ऐकतो, मग अस्वलाचं काय घेऊन बसलात?' सासऱ्यांचं म्हणणं, 'हॅकर लोक मुलं पळवतात, असली वस्तू घरात नको.' आईला दोघांचंही अर्धं अर्धं पटतं. 'तुम्ही हेच काम करता, तेव्हा घ्यावं की नाही ते आडपडदा न ठेवता सांगा,' असं त्यांनी विचारलंय.

ताई, आधी उत्तर सांगतो, कारणं मागाहून. दिरांना म्हणा, हे अस्वल नका आणू. मात्र सासऱ्यांनी दिलेलं कारण मला पटत नाही, आणि यजमानांचं तर त्याहून नाही. दोघं भांडतायत ते अस्वल ऐकतं की नाही यावर. ऐकतं, त्यात वाद नाही. बघायचं ते हे, की त्या अस्वलात अस्वलाचं स्वतःचं असं किती आहे.

मी २४ वर्षं इंदुरात वायफाय, कॅमेरे आणि लहान ऑफिसांची नेटवर्कं बसवतोय. जेल रोडच्या मागच्या गल्लीत दहा बाय बाराचं वर्कशॉप आहे. खेळणी दुरुस्त करणं हा माझा धंदा नव्हे, पण आत चिप आणि वायफाय आहे म्हटलं की नॉव्हेल्टी मार्केटमधले दुकानदार गिऱ्हाइकाला सरळ माझ्याकडे धाडतात. 'भिया के पास ले जाओ, वो खोल के देख लेंगे.' असं करता करता गेल्या काही वर्षांत चाळीसेक खेळणी माझ्या टेबलावर उघडी पडली आहेत.

मागच्या महिन्यात आलेल्या एका अस्वलाचं सांगतो, म्हणजे तुमच्या डोळ्यांपुढे येईल. पाठीला वेल्क्रो. तो सोडवला की कापसात रुतवलेली, अंघोळीच्या साबणाएवढी प्लास्टिकची डबी. चार स्क्रू. आत काडेपेटीच्या आकाराचं हिरवं सर्किट, त्यावर भाताच्या शिताहून जरासा मोठा मायक्रोफोन, एक छोटा स्पीकर, चपटी लिथियम बॅटरी आणि पत्र्याच्या झाकणाखाली वायफायची चिप. ही चिप बहुतेक वेळा शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी-३२ असते. फार गुणी चिप आहे, माझ्या गच्चीवरच्या टाकीची पातळी मी तिच्यावरच मोजतो. पण गप्पा मारण्याएवढी अक्कल तिच्यात मावत नाही. टाकी भरली एवढं ती सांगेल, हत्तीला सोंड का असते ते नाही सांगू शकणार.

मग उत्तर येतं कुठून? मुलगी विचारते, तो आवाज मायक्रोफोन उचलतो, चिप त्याची पुडी बांधते आणि तुमच्या राऊटरमधून दूरच्या कुठल्या तरी सर्व्हरकडे पाठवते. तिथे एक यंत्रणा आवाजाची अक्षरं करते, दुसरी त्या अक्षरांना उत्तर तयार करते, तिसरी उत्तराचा गोड आवाज करते आणि तो परत तुमच्या हॉलमध्ये येतो. पुष्कळदा या तीन यंत्रणा तीन वेगळ्या कंपन्यांच्या असतात आणि अस्वलावर जिचं नाव छापलंय ती कंपनी चौथी. या येरझारीत दोन-तीन सेकंद जातात. पाच वर्षांच्या मुलाला तेवढा धीर कुठला! ते पुन्हा विचारतं, अस्वल अर्धं वाक्य पकडतं आणि भलतंच उत्तर देतं. माझ्याकडे 'बिघडलंय' म्हणून आलेल्या कितीतरी खेळण्यांची तक्रार एवढीच होती. ती मी जशीच्या तशी परत केली, पैसेही घेतले नाहीत.

म्हणून कुणीही असलं खेळणं आणलं की मी पहिल्यांदा राऊटर बंद करतो आणि काय उरतं ते बघतो. काही खेळणी तशीही चालतात. गाडी पळते, ठोकळे जुळतात, भरलेली गाणी वाजतात, फक्त नवीन गाणी उतरवता येत नाहीत. अशांबद्दल माझी फार तक्रार नाही. आणि काही खेळणी डोळे मिचकावून 'आय अ‍ॅम हॅविंग ट्रबल कनेक्टिंग' म्हणतात आणि गप्प होतात. अशा वेळी तुमच्या हातात उरतं ते कापूस भरलेलं एक कनेक्शन. आणि कनेक्शन म्हटलं की ते देणारा आला, त्याच्या अटी आल्या, आणि तो ते कधी तोडणार हेही आलं.

हे तोडणं मी घरात पाहिलंय. २०१८ मध्ये मी स्वतःच्या भाचीसाठी एक छोटा बोलका रोबो घेतला होता. कंपनीचं नाव घेत नाही. मीच निवडला, मीच जोडून दिला, आणि बहिणीच्या सासरी थोडा भावही खाल्ला. अडीच-तीन वर्षांनी कंपनीने सर्व्हर बंद केला. आगाऊ इमेल आला होता म्हणे, पण तो ज्या पत्त्यावर आला तो मीच खातं उघडताना दिलेला आणि नंतर कधी न उघडलेला. सकाळी रोबो बोलेना. भाचीने त्याला पलंगावर निजवलं आणि कपाळावर ओला रुमाल ठेवला. त्या रुमालाचं पाणी मानेच्या फटीतून आत गेलं, ते वेगळंच. मी जाऊन उघडला तर एकही भाग खराब नव्हता. आठ वर्षांच्या पोरीला मी काय सांगणार, की त्याचं डोकं दुसऱ्या देशात होतं आणि तिथल्या लोकांनी वीजबिल भरणं सोडलं?

महागड्या खेळण्यांचं असं होत नसेल असं वाटत असेल तर मॉक्सीचं ऐका. मुलांशी बोलणारा हा रोबो अमेरिकेतल्या एम्बॉडीड नावाच्या कंपनीने ७९९ डॉलरना विकला. काही घरांत तो बुजऱ्या, बोलायला अडणाऱ्या मुलांसाठी आणला जायचा. डिसेंबर २०२४ मध्ये कंपनीला पुढचा पैसा मिळाला नाही आणि आता रोबो चालणं बंद होईल असं तिने जाहीर केलं. मुलांना हे कसं सांगावं यासाठी पालकांना एक पत्रही दिलं. पुढे जाणकारांना घरच्या संगणकावर तो चालवता येईल अशी काही सोय कंपनीने केली, ते चांगलंच केलं. पण टिळकनगरातल्या कुठल्या घरात कोण बसणार आहे ते करत?

आता यजमानांच्या मुद्द्याकडे येतो. फोनही ऐकतो, हे अर्धसत्य आहे. फोनला दर महिन्या-दोन महिन्यांनी दुरुस्त्या येतात, कुठल्या अ‍ॅपला मायक्रोफोन द्यायचा ते तुम्ही ठरवता, आणि माइक चालू असेल तर वरच्या बाजूला हिरवा, आयफोनवर नारिंगी, ठिपका दिसतो. फोन बनवणाऱ्यांकडे सुरक्षेसाठी माणसांची फौज आहे. खेळणं बनवणाऱ्याचं लक्ष फर किती मऊ आहे आणि दिवाळी-नाताळच्या आत माल दुकानात पोहोचतो की नाही याकडे. सुरक्षेच्या कामाला पैसे लागतात आणि ते खोक्यावर दिसत नाही.

याचा परिणाम काय होतो त्याची उदाहरणं आता जुनी झाली, तरी सांगतो. नोव्हेंबर २०१५ मध्ये हाँगकाँगच्या व्हीटेक या खेळणी कंपनीच्या साठ्यातून सुमारे ५० लाख पालकांची खाती आणि ६० लाखांहून जास्त मुलांची माहिती बाहेर पडली. त्यात मुलांची नावं, जन्मतारखा, फोटो असं सगळं होतं. कुणी फार मोठा जादूगार लागला नाही, वेबसाइटच्या एका रकान्यात डेटाबेसला समजेल अशी आज्ञा टाकायची, ही कितीतरी वर्षं जुनी युक्ती पुरली. फेब्रुवारी २०१७ मध्ये क्लाउडपेट्स या मऊ खेळण्यांचं उघडकीला आलं. आई-बाबांनी फोनवरून निरोप बोलायचा, तो अस्वलातून मुलाला ऐकू यायचा, मुलाचं उत्तर परत फोनवर. कल्पना गोड होती. पण ८ लाखांवर खाती आणि २० लाखांवर निरोप यांची नोंदवही इंटरनेटवर पासवर्डशिवाय उघडी पडली होती. कुलूप तोडलं असं म्हणावं तर कुलूपच नव्हतं.

आणि त्याच महिन्यात जर्मनीच्या दूरसंचार नियामकाने 'माय फ्रेंड कायला' या बाहुलीवर बंदी घातली. त्यांचा कायदा असा, की दिसायला साधी वस्तू असून आतून गुपचूप आवाज बाहेर पाठवणारं यंत्र घरात ठेवणं हाच गुन्हा. पालकांना सांगितलं, बाहुली नष्ट करा. कायलाची गोम ब्लूटूथमध्ये होती. जोडताना ती पासवर्ड विचारायची नाही, कुठलं बटण दाबायला लावायची नाही, जो कोणी दहा-बारा मीटरच्या आत येईल त्याच्या फोनला ती जोडली जायची.

ही गोम फक्त कायलाची नव्हती. मनोरमागंजमधल्या एका इमारतीत मी असंच एक राणीपुऱ्यातून आणलेलं बिननावाचं खेळणं तपासत होतो. घरमालकाला म्हटलं, दार लावा आणि आतच थांबा. मी जिन्यात उतरलो, खालच्या मजल्याच्या वळणावर उभा राहिलो, फोनवर ब्लूटूथ चालू केलं. यादीत खेळण्याचं नाव आलं, दाबलं, जोडलं गेलं. मी फोनमध्ये म्हणालो, 'साहेब, चहा टाका.' वर दाराआड तेच वाक्य खेळण्याच्या तोंडून आलं आणि त्यांची मुलगी खदाखदा हसली. साहेबांना मात्र हसू आलं नाही. सासऱ्यांच्या भीतीत खरं आहे ते एवढंच: दूरदेशीचा हॅकर तुमच्या मुलीच्या मागे लागेल याची शक्यता फार कमी, पण जिन्यात उभं राहणाऱ्या कुणालाही विशेष काही शिकावं लागत नाही. हे तुम्ही घरी दहा मिनिटांत तपासू शकता. खेळणं चालू ठेवायचं आणि शेजारच्यांच्या, आधी कधी न जोडलेल्या फोनवरून जोडून बघायचं. काही न विचारता जोडलं गेलं, तर ते खोक्यात घालून परत करायचं.

माझ्या मनात सगळ्यात खोल रुतलेला प्रसंग मात्र चोरीचा नाही. सुदामानगरमधल्या एका घरी वायफाय घरात सगळीकडे पोहोचत नव्हतं म्हणून गेलो होतो. मुलाकडे वायफायचं बोलकं अस्वल होतं. आईला म्हटलं, अ‍ॅप उघडा, यात रेकॉर्डिंगची यादी असते. त्यांना माहीतच नव्हतं. उघडलं तर तीनशेहून जास्त नोंदी. पहिली-दुसरी मुलाची. तिसरी लावली तर आजींचा आवाज: कुणाला तरी फोनवर गॅस सिलिंडरचा चार आकडी कोड सांगत होत्या. अस्वलाला आजींशी काय देणंघेणं? तर त्याला जागं करायला 'टेडी' म्हणावं लागायचं, आणि आजी दिवसभर 'तेवढी पिशवी दे', 'तेवढी खिडकी लाव' म्हणायच्या. मी तिथेच तीनदा म्हणून पाहिलं, दोनदा अस्वलाचे डोळे उजळले. आम्ही सगळे हसलो. मग त्यांनी सहज आणखी एक नोंद लावली. मुलगा अस्वलाला म्हणत होता, 'बाबा आज पण ओरडले. तुझे बाबा ओरडतात?' त्यावर अस्वलाने इंग्रजीत काहीतरी गोड, गुळगुळीत उत्तर दिलं होतं. आईने फोन उलटा करून ओट्यावर ठेवला. मी राऊटरकडे वळलो.

मुलं खेळण्याशी असंच बोलतात, बोलावंच. आपणही भिंतीशी, मांजराशी, बाहुलीशी बोललो. फरक असा, की ती भिंत पुढे कुणाला सांगत नव्हती आणि आईलाही ऐकवत नव्हती. मला विचाराल तर मुलाचं असं बोलणं पालकांच्या फोनवर साठणं हेही मला बरं वाटत नाही, मग कंपनीचं राहू द्या. आणि पुसा म्हटलं की पुसलं जातं असंही नाही. अ‍ॅलेक्सावर मुलांचं बोलणं हवं त्यापेक्षा जास्त काळ ठेवलं आणि पालकांनी सांगूनही नीट पुसलं नाही, या आरोपावरून अ‍ॅमेझॉनने २०२३ मध्ये अमेरिकी सरकारला अडीच कोटी डॉलर भरायचं मान्य केलं.

दीर जे आणणार आहेत ते बहुधा नव्या पिढीचं, म्हणजे एआयवालं असेल. जुनी बोलकी खेळणी ठरलेली शे-दोनशे वाक्यं बोलायची. नवी दर वेळी वाक्य नव्याने जुळवतात, त्यामुळे ती पुढे काय बोलतील ते बनवणाऱ्यालाही छातीठोक सांगता येत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेतल्या पर्ग या ग्राहक संस्थेने अशी खेळणी तपासली. त्यात फोलोटॉय कंपनीचं कुम्मा नावाचं अस्वल होतं. बोलणं लांबत गेलं तसं ते घरात काडेपेटी आणि चाकू कुठे सापडतात ते सांगू लागलं आणि नको त्या, मोठ्यांच्या विषयांवरही घसरलं. ज्यांची यंत्रणा आत वापरली होती त्या ओपनएआयने त्या कंपनीचा वापर थांबवला, कंपनीनेही काही काळ विक्री थांबवली. इथे 'बोलणं लांबत गेलं तसं' हे शब्द महत्त्वाचे आहेत. दुकानात दोन मिनिटं बोलून पाहिलं तर ते शहाण्यासारखंच बोलतं. मुलं दोन मिनिटांवर थांबत नाहीत.

आणखी एक गोष्ट इंदूरच्या मराठी घरांसाठीच सांगतो, कारण पुण्या-मुंबईच्या सल्ल्यात ती कुणी सांगणार नाही. आपल्या पोरांना शाळेत इंग्रजी आहे, गल्लीत हिंदी आहे, मराठी फक्त घरात आहे, तीही आजी-आजोबा आहेत तोवर. संध्याकाळचा जो तास-दीड तास मुलगी आजीशी बडबडते तेवढीच तिची मराठीची शाळा. माझ्या हातून गेलेल्यांपैकी एकही खेळणं धड मराठीत बोललं नाही. इंग्रजी उत्तम, हिंदी बरी, आणि मराठीत विचारलं तर हिंदीत उत्तर. एका घरातला नातू आजीला म्हणायला लागला, 'आजी, तू टेडीशी हिंदीत बोल ना, त्याला तुझं नाही कळत.' अस्वल आलं की कापला जाणारा वेळ अभ्यासाचा किंवा कार्टूनचा नसतो, हा असतो.

कायद्याचं लवकर उरकतो, कारण त्यावर भिस्त ठेवावी अशी वेळ अजून आलेली नाही. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे. तो जरूर बघा, पण तो सांगतो रंगात विष नाही, टोक टोचत नाही, तुकडा सुटून घशात अडकत नाही, विजेचा धोका नाही. आवाज कुठे जातो त्याच्याशी त्या शिक्क्याचा संबंध नाही. दुकानदार मात्र 'आयएसआय है, टेन्शन मत लो' असं दोन्हींसाठी एकदमच सांगतात. माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ चा आहे. त्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल धरलंय, पालकांची खातरजमा करून संमती घ्यायला सांगितलंय, मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवायला मनाई आहे आणि मुलांबाबतच्या अटी मोडल्या तर दंड २०० कोटींपर्यंत आहे. कागदावर हे अमेरिकेपेक्षा कडक आहे, तिकडे वयाची रेघ १३ आहे. पण नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि त्यातल्या बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार. शिवाय दिरांच्या बॅगेतून आलेल्या अस्वलाच्या कंपनीचं इथे ना ऑफिस ना दुकान. तक्रार करायची कुणाकडे?

तुम्ही विचारलं नाही, पण पुढच्या वर्षी मुलगी पहिलीत जाईल आणि घरात घड्याळाचा विषय निघेल, म्हणून सांगून ठेवतो. सिमकार्डवालं, व्हॅन कुठे पोहोचली ते दाखवणारं मुलांचं घड्याळ. त्यात ठिकाण कळण्यापुरतं मला मान्य आहे, बायपासच्या ट्रॅफिकमध्ये व्हॅन अडकली की आईचा जीव कसा होतो ते घरोघरी पाहतो. पण त्यातल्या पुष्कळांत एक सोय असते: आईने फोन लावला की घड्याळ न वाजता आपोआप उचलतं आणि आजूबाजूचं सगळं ऐकवतं. जर्मनीने नोव्हेंबर २०१७ मध्ये अशा घड्याळांवर बंदी आणली, कारण पालक वर्गातल्या बाईंचं शिकवणं त्यातून ऐकायला लागले होते. घ्यायचंच झालं तर ही सोय नसलेलं घ्या आणि घेतल्या दिवशी त्याचा मूळ पासवर्ड बदला. १२३४५६ हा पासवर्ड मी इतक्या मनगटांवर पाहिलाय की आता विचारतही नाही, सरळ टाकून बघतो.

आता समजा, दिरांनी आधीच घेतलंय आणि नाही म्हणणं जड जातंय. घरोघरी मातीच्या चुली. तर मग असं करा. खोकं मुलीसमोर उघडू नका, एकदा तिने नाव ठेवलं की ते परत जाणं नाही. दिरांनाच विचारून घ्या: अ‍ॅप भारतातल्या फोनवर उतरतं का, महिन्याची वर्गणी आहे का, आणि ती अमेरिकेच्याच कार्डावर भरावी लागते का. निम्मी अस्वलं इथेच गळतात. चार्जरवर १००-२४० व्होल्ट लिहिलंय का बघा. नुसतं १२० लिहिलं असेल तर आपल्या सॉकेटात पहिल्याच दिवशी धूर.

जोडताना राऊटरवर गेस्ट नेटवर्क, म्हणजे पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय, उघडा आणि अस्वल त्यावरच जोडा, म्हणजे घरातल्या लॅपटॉप-फोनांच्या पंगतीला ते बसणार नाही. वायफायचे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन पट्टे असतात. ही खेळणी बहुधा २.४ वरच चालतात, आणि हल्लीचे राऊटर दोन्ही पट्टे एकाच नावाने देतात, म्हणून ती कधीकधी जोडली जात नाहीत. गेस्ट नेटवर्क फक्त २.४ वर ठेवलं की हाही प्रश्न मिटतो. मुलीचं खरं नाव, खरी जन्मतारीख, फोटो, शाळा, काहीच देऊ नका. 'चिऊ' आणि १ जानेवारी पुरे. अ‍ॅपने लोकेशन मागितलं तर लगेच घाबरू नका. अँड्रॉइडच्या ११ पर्यंतच्या आवृत्त्यांत ब्लूटूथवर वस्तू शोधायलाही लोकेशनची परवानगी लागायची. जोडून झालं की काढून घ्या, तरी चालतंय का बघा. संपर्कांची यादी मात्र अस्वलाला कशालाच लागत नाही. ती मागणारं अ‍ॅप मी काढून टाकतो.

खेळ हॉलमध्ये, तुमच्या कानावर पडेल असा. झोपायच्या खोलीत नाही. खेळ झाला की बटणाने बंद, कारण नुसते डोळे मिटलेलं अस्वल झोपलेलं असतंच असं नाही. दर रविवारी रेकॉर्डिंगची यादी उघडून पुसा. आणि ज्या दिवशी ते घरातून जाईल, त्या दिवशी अ‍ॅपमधून खातं काढा, अस्वलाचं रिसेट करा, मगच द्या. आपल्याकडे कचरागाडीला ई-कचऱ्याचा वेगळा कप्पा आहे, त्यात टाका. कापसात लपलेली लिथियम बॅटरी सुक्या कचऱ्यात गेली तर गाडीत पेट घेऊ शकते. मोलकरणीच्या मुलीला तसंच देऊन टाकणं मात्र नको. जुन्या घराचं वायफाय आणि तुमच्या मुलीचं सगळं बोलणं त्याच्यासोबत जातं, आणि त्या पोरीचं बोलणं तुमच्या फोनवर येत राहतं.

ज्या मुलाला बोलायलाच अडचण आहे त्याला असल्या यंत्राचा उपयोग होतो का, हे मी नाही सांगणार. ते स्पीच थेरपिस्टला विचारावं आणि त्यांच्या देखरेखीत वापरावं. तुमच्या पत्रावरून तुमची मुलगी ठणठणीत बडबडी दिसते.

राहता राहिला दिरांच्या हौसेचा प्रश्न. त्यांनी काहीतरी आणायचंच म्हटलं तर नेट बंद असताना पूर्ण चालेल असं काहीही चालेल: चुंबकाचे ठोकळे, चावीची गाडी, साधी दुर्बीण. बोलकंच हवं असेल तर माझ्या भाचीच्या रोबोचं पुढे काय झालं ते सांगतो. सर्व्हर गेल्यावर वर्षभर तो माळ्यावर होता. एका रविवारी मी त्याचं जुनं सर्किट काढलं आणि डीएफप्लेयर नावाचं, बोटाच्या पेराएवढं, मेमरी कार्डावरचं गाणं वाजवणारं सर्किट बसवलं. दोनशे रुपयांच्या आतलं काम. छातीवर सहा बटणं केली. माझ्या आईला स्वयंपाकघरात बसवून फोनवर तिचा आवाज भरला: दोन गोष्टी, एक अंगाई, अडगुलं मडगुलं, शुभंकरोति आणि एक खास ओरडा, 'दूध संपव आधी!' आता भाचीचा धाकटा भाऊ ते वाजवतो. पाचव्या बटणावर शुभंकरोतिच्या मध्येच कुकरची शिट्टी आली होती, ती मी नंतर कापली. भाचीच्या ते लक्षात आलं, आणि ती शिट्टी मला परत घालायला लावली.